मामा नीमाच्या झाडांना वाटूरचा ताण

“बागेचा ताण तोडायचा टाइम आला अन् तू आफ्रिकेला जाऊन राह्यली?”

आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माझी मुलगी प्रज्ञा पुण्याहून फोनवर व्हिसाचं काहीतरी सांगत होती आणि मी ते एका कानानं ऐकत होते. “तीन महिन्याचा तर प्रश्न हाय, आबा,” मी म्हणाले.

“तीन महिन्यात झाड वाळतंय बी अन् फुलतंय बी,” असं म्हणून त्यांनी शेंगांची परात माझ्याकडं सरकवली. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

वाटूरजवळ आमची मोसंबीची बाग आहे आणि बागेला लागून छोटी रोपवाटिका. डोळा भरायला मी आबांकडूनच शिकले. रानटी लिंबाच्या खुंटाला सालीवर चीर द्यायची, तिच्यात चांगल्या झाडाचा एक डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचं. टांझानियाच्या टांगा भागात एका संस्थेला बायकांच्या गटाला हेच शिकवायला कुणीतरी हवं होतं, मोबदल्याशिवाय. प्रज्ञानं मला न विचारता माझं नाव पाठवून दिलं. निवड झाल्यावर सांगितलं, तेव्हा मी आधी तिच्यावर ओरडले आणि मग नकाशा उघडून बसले. गावात बातमी पसरली. विहारातल्या वंदनेनंतर बायका विचारायला लागल्या, “तिकडं वाघ-सिंह रस्त्यावर फिरतेत म्हणे?” मी म्हणाले, “फिरत असले तर मला बघून ते पळतील.”

पुढचं समजायला ज्यांच्या घरी मोसंबी नाही त्यांना ताण सांगायला हवा. मोसंबीला बाराही महिने पाणी दिलं तर ती नुसती पानं काढत बसते. म्हणून हिवाळ्यात तिचं पाणी तोडायचं. पानं कोमेजतात, थोडी गळतात, झाड रुसल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरून जातं. ताण पुरता झाला की नाही हे कागदावर बघायची गरज पडत नाही. आमचं रान काळं आहे. काळ्या मातीला भेगा पडतात आणि भेगेत बोट जायला लागलं की आबा म्हणतात, “झालं, सोडा पाणी.” आईनं दारात लावलेल्या मोसंबीलासुद्धा ते ताण देतात. आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्या झाडाला एखादा तांब्या घालावा असं मला दर हिवाळ्यात वाटतं आणि आबा दर वेळी म्हणतात, “त्याला काय शिंगं हायत का? बागेला जे, तेच त्याला.”

तर डिसेंबर संपताना, आमची बाग ऐन ताणावर असताना, मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगून टाकते. पिवळ्या तापाची लस वेळेत घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टइतकंच जपा, परत येतानाही विचारतात. साध्या पर्यटक व्हिसावर असं काम करता येत नाही, बोलावणाऱ्या संस्थेकडून रीतसर परवाना मागून घ्या. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून सोबत ठेवा. मच्छरदाणी घरची न्या. माझी जालन्याच्या बाजारातली होती आणि परदेशात पहिल्या रात्री तिच्या वासानंच मला झोप लागली.

वाटूर फाट्यावरून एसटीनं जालना, जालन्याहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून विमानानं दार-ए-सलाम. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि ओलसर गरम हवेनं चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसला तर समोर नारळाची झाडं, रंगीत कापडं गुंडाळलेल्या बायका आणि माझ्या नावाची पाटी उलटी धरून उभा असलेला ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा भागातल्या मुहेझाची बस धरली. खासगी बसनं जालन्याहून पुण्याला जायला जेवढा खर्च येतो त्याहून तिकीट कमीच पडलं. खिडकीची जागा मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि उजवीकडची घ्या. दुपारी ऊन डावीकडं येतं.

तो प्रवास मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. रस्ता गुळगुळीत, दोन्हीकडं तांबडी माती. एका ठिकाणाहून घायपात सुरू झाली ती संपेचना. आपल्याकडं बांधावर गुरं येऊ नयेत म्हणून लावतात तीच घायपात, इथं रांगेत, क्षितिजापर्यंत. तिच्यामागं निळसर डोंगर. बस थांबली की खिडकीखाली टोपल्या वर व्हायच्या. केळी, उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि संत्री. संत्री हिरवीच, पण गोड, आपल्या मोसंबीची बहीणच म्हणा. वरची हिरवी साल पातळ सोलून काढलेली असते, पांढरी तेवढी ठेवतात. वर एक टोपी कापून देतात, दाबायचं आणि चोखायचं. मी तीन घेतली. शेजारच्या आजीबाईंनी तिन्ही कशी धरायची ते न बोलता दाखवलं आणि माझ्या साडीवर रस सांडला तेव्हा स्वतःच्या अंगावरच्या कापडानं पुसून दिला.

मुहेझाच्या पुढं मोटारसायकलवर मागं बसून आतल्या गावात गेले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, लोक निवांत आहेत, राहू देत. माझी सोय मामा नीमांच्या घरी होती. ‘मामा’ म्हणजे आई. तिथं बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात. नीमाची आई म्हणून मामा नीमा. तासाभरात मीही मामा प्रज्ञा झाले. फोनवर हे सांगितलं तर आबा म्हणाले, “चांगलंय. जाताना बाई गेल्ती, आता मामा झाली.”

नीमा पंचविशीतली, गावातल्या शाळेत शिकवते. इंग्रजी चांगलं, त्यामुळं आमच्या सगळ्यांच्या मधली दुभाषी तीच. तिनं मला पाहिल्याबरोबर “शिकामू” म्हणून नमस्कार केला. मोठ्यांना तसं म्हणायचं आणि मोठ्यांनी उलट “मरहबा” म्हणायचं. मरहबा! मी तिथंच हसले. आमच्या मराठवाड्याच्या बोलीतले निजामाच्या वेळचे शब्द इथं समुद्रापार मला भेटत राहिले. खबर विचारायची तर ‘हबारी’, वेळ म्हणजे ‘वकाती’, जग म्हणजे ‘दुनिया’, आणि जेवण झालं का विचारलं तर ‘तयारी’. पहिल्या आठवड्यात मी अशा दहा-पंधरा शब्दांवर संसार चालवला आणि बाकीचं हातवारे करून.

घर मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं. स्वयंपाकघर वेगळं, मागं. आणि त्याच्या मागं, उतारावर, संत्र्याची दहा-बारा झाडं. काय झाडं होती! काळपट हिरवी, गच्च, पानांवर पाणी घातल्यासारखी चमक. मी बागवानाच्या नजरेनं खालून वर पाहिलं आणि मग फांद्या बाजूला करून पाहिलं. एक फळ नव्हतं. मागच्या फळाचा देठसुद्धा नव्हता.

संध्याकाळी कारण कळलं. भांडी घासून झाली, दिवस कलला, डोंगराकडून गार वारा सुटला. मामा नीमा बादली घेऊन निघाल्या. घरातलं दिवसाचं उरलेलं पाणी त्यात. एकेका झाडापाशी थांबायच्या, टिनाच्या मगानं बुंध्याशी पाणी घालायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. पाणी उरलेलं कमी पडलं की हापशावरून आणखी आणायच्या. कुणी दूर बसून बघितलं असतं तर वाटलं असतं, बाई शेजारणींची चौकशी करत फिरतेय.

“आई त्यांना दिवसभराचं सांगते,” नीमा म्हणाली. “बाबांनी लावली होती. पुढच्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही.”

झाडाला फळ का येत नाही ते मला कळलं होतं, आणि ते सांगायला जीभ उचलेना.

पण सांगावं लागलं. नीमाचे काका, जुमाचे वडील म्हणून बाबा जुमा, रविवारी आले. मोठे, शांत, पांढऱ्या दाढीचे. जमीन दोन्ही घरांची मिळून. चहा झाल्यावर त्यांनी झाडांकडं पाहून मान हलवली. “वहिनी, पानंच हवी असतील तर माठाची भाजी पेरू, महिन्यात येते. मार्च-एप्रिलच्या मोठ्या पावसाआधी इथं पोटासाठी कसावाचा कंद लावायला हवा. ह्या वेळीही फूल नाही आलं तर तोडायची, हे ठरलंय ना?”

“ठरलंय,” मामा नीमा म्हणाल्या आणि त्यांनी हातातला कप उगाच पुन्हा एकदा विसळला.

त्यांचा चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. झाडांचे लाड होतायत, त्यांना भूक-तहान माहीतच नाही, मग ती कशाला फुलतील? गावाबाहेरची बिनपाण्याची झाडं बघा, त्यांना फळ आहे. पाणी तोडा. थोडे दिवस. मग मी सांगेन तेव्हा सोडा.

मामा नीमांनी विचारलं, “रोज संध्याकाळी मग मी काय करू?”

मीही बाईच आहे, आईचं झाड माझ्याही दारात आहे. मी म्हणाले, “एक झाड ठेवा. स्वयंपाकघराजवळचं. त्याला रोज पाणी घाला, त्याच्याशी बोला. त्याला फळ नाही आलं तरी चालेल. ते लाडाचं.” नीमानं ते सांगितल्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघून मोकळ्या हसल्या. बाबा जुमांनीही मान डोलवली. पाहुणी म्हणतेय तर ह्या हंगामापुरतं बघू.

मग दिवस सुरू झाले ते मऊ, लांबलचक. पहाटे डोंगरावरून धुकं उतरायचं आणि अंगण, कोंबड्या, चूल सगळं अर्धं पुसून टाकायचं. धुक्यातून आधी केरसुणीचा आवाज यायचा आणि मग मामा नीमा दिसायच्या. सकाळी गटातल्या बायका यायच्या, आंब्याच्या सावलीत चटई टाकायची आणि डोळे भरायचे. त्यांचे हात इतके चपळ की आठवड्यात मला फारसं शिकवायला उरलं नाही. पट्टी बांधता बांधता गाणं सुरू व्हायचं, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. मला शब्द कळत नसत. मी मधेच आपली जात्यावरची ओवी लावून द्यायचे आणि त्या तिलाही टाळ्या धरायच्या. कधी कधी मान वर केली की मला कळायचं नाही, मी कुठं आहे. तीच पट्टी, तीच सुरी, तोच लिंबाच्या सालीचा वास.

जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, नारळाच्या दुधातला घेवडा आणि माठाची भाजी. उगाली हातानं चेपून वाटी करून खायचा. मला आवडला, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या दिवशी भाकरीची आठवण असह्य झाली. बाजारात ज्वारीचं पीठ मिळालं. चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागले तर अख्खी गल्ली बघायला जमली. भाकरी तव्यावर फुगली तेव्हा एकच ओरडा झाला. ठेचा मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्ला.

एका रविवारी नीमा मला समुद्र दाखवायला टांगा शहरात घेऊन गेली. आम्ही वाळूत बसून राहिलो. पाणी इतकं संथ की लाट येतेय की जातेय कळेना. “ह्याच पाण्यानं तुमच्याकडं जाता येतं?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “समुद्रापर्यंत येता येतं. पुढं जालन्यापर्यंत एसटीच.” परत येताना बसमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी उगाच प्रज्ञाच्या लहानपणात जाऊन आले.

घरी पोचलो आणि माझी झोप उडाली. झाडांखाली पानांचा सडा पडला होता.

थोडी पानं गळतातच, मी स्वतःला सांगितलं. रोज सकाळी उठल्याबरोबर उतारावर जायचे, वाकून जमीन बघायचे आणि म्हणायचे, अजून वेळ आहे. पानं द्रोणासारखी वळली. मग पिवळी पडली. मग वारा आला की आवाज व्हायला लागला, कोरडा. स्वयंपाकघराजवळचं लाडाचं झाड तेवढं एकटं हिरवंगार. आबांचा फोन आला, “कसा हाय गं ताण?” मी म्हणाले, “बराबर हाय.”

मामा नीमा काही विचारत नव्हत्या. संध्याकाळी लाडाच्या झाडाला पाणी घालायच्या आणि बाकीच्यांकडं पाठ करून परत यायच्या. पाहुण्यानं एकदा सांगितलं की घरात कुणी त्याला आडवं बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. विश्वास होताही, म्हणून तर जास्त वाईट झालं.

मग एका सकाळी बाबा जुमा आले. हातात कोयता. त्यांनी एक बारीक फांदी धरून वाकवली, ती कट्कन मोडली. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मामा प्रज्ञा, आता तरी तोडू ना?”

“थोडं थांबा,” मी म्हणाले. “अजून जमिनीला भेगा पडल्या नाहीत.”

नीमाला ‘भेगा’ समजेना. इंग्रजीत सांगूनही तिला उमजेना की मी जमिनीबद्दल का बोलतेय. मी काडी घेतली आणि मातीवर वेड्यावाकड्या रेघा काढून दाखवल्या. अशा. एवढ्या रुंद. बोट जाईल अशा. तोवर पाणी नाही सोडायचं.

मामा नीमांनी त्या रेघांकडं पाहिलं. नीमाकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीकडं बोट केलं, तिथं छतापासून खाली एक तडा गेला होता. “भिंतीला पडतात,” त्या म्हणाल्या. “जमिनीला कशा पडतील? ही जमीन अशीच असते.”

बाबा जुमांनीही विचार करून सांगितलं, “मी लहानपणापासून इथं आहे. इथल्या जमिनीला भेग पडलेली पाहिली नाही.”

मी खाली बसले आणि मुठीत माती घेतली. तांबडी, रवाळ. बोटांतून साखरेसारखी निसटून गेली. भेगा पडतात त्या आमच्या काळ्या रानाला. काळी माती ओल धरून ठेवते, आत आत ठेवते आणि मग फाटते. ही माती चार दिवसांत कोरडी होते आणि गप्प बसते. मी रोज सकाळी मुहेझाच्या मातीत वाकून वाटूरचं रान शोधत होते. झाडं माझ्या डोक्यावर उभी वाळत होती आणि मी खाली बघत होते.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. मी नीमाला म्हणाले, “सांग त्यांना. भेगांची वाट बघणं चुकलं माझं. तुझ्या वडिलांची झाडं मी मारली.”

मामा नीमा माझ्याशेजारी मातीत बसल्या. “पोले,” त्या म्हणाल्या. “पोले सना, मामा प्रज्ञा.” कुणाचं काही गेलं, लागलं, दुखलं की तिथं हा शब्द म्हणतात. झाडं त्यांची, नवरा त्यांचा, आणि सांत्वन माझं चाललं होतं. मग नीमाच्या मार्फत त्यांनी विचारलं, “मेलीत का? की तहानलीत?”

मी उठले. नखानं फांदीची साल खरवडली. वरच्या फांद्या तपकिरी. खाली, जाड फांदीवर, सालीच्या आत हिरवं होतं. दुसरं झाड बघितलं, हिरवं. तिसरं, हिरवं. बाबा जुमा माझ्या मागं मागं येत होते, त्यांनी कोयता कुंपणाला अडकवला आणि स्वतःच्या नखानं खरवडून बघायला लागले.

“पाणी,” मी म्हणाले. “पण थोडं. एकदम दिलं तर खरंच मरतील.”

हापसा उताराच्या तळाशी. आंब्याखाली डोळे भरायला जमलेल्या बायकांना कळलं तशा त्या बादल्या, घागरी, प्लास्टिकचे पिवळे कॅन घेऊन निघाल्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. डोक्यावर भरलेली बादली आणि हात मोकळे, अशा त्या चढावरून रांगेनं यायला लागल्या, त्यात त्यांचं गाणंही चालू. आपल्याकडं ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देतात, त्याला आम्ही आंबवणी म्हणतो. ते त्यांना कसं सांगू? मी झाडापासून झाडापाशी धावत ओरडत होते, “किडोगो! किडोगो!” म्हणजे थोडं, थोडंच. शेवटी बायकाच मला बघून आधीच “किडोगो!” ओरडायला लागल्या आणि हसून हसून अर्धं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं. शेवटच्या झाडापाशी मामा नीमांनी टिनाचा मग हातात घेतला. पाणी घातलं आणि कितीतरी वेळ त्या झाडाशी बोलत राहिल्या. खूप दिवसांचं साठलं होतं ना.

चार दिवसांनी दुसरं पाणी, जरा जास्त. मग शेणखत. मग मी निघायची वेळ आली.

कसलं फूल आणि कसलं काय! काही फांद्यांच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे होते. ते पानांचे की कळ्यांचे, हे त्या वयात झाडालासुद्धा माहीत नसतं. शेवटचं झाड पार वाळलं होतं. बाबा जुमा मला बसपर्यंत सोडायला आले. म्हणाले, “मोठा पाऊस सुरू होईपर्यंत कोयता भिंतीवर राहील. त्यापुढं मी सांगू शकत नाही.” मामा नीमांनी माझ्या खांद्यावर निळं-पांढरं कापड गुंडाळलं आणि बस हलली तरी खिडकीला हात लावून चालत राहिल्या. मी रडले नाही. वाटेतल्या सेगेरा फाट्यापर्यंत रडले नाही.

घरी आले तेव्हा आमच्या बागेत फुलं होऊन गेली होती आणि वाटाण्याएवढी फळं धरली होती. आबांना सगळं सांगितलं. ते आधी गंभीर होऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे तू लाल रानात भेगांची वाट बघत बसल्ती?” आणि इतके हसले की ठसका लागला. मला राग आला. मी म्हणाले, “आबा, एका बाईच्या नवऱ्याची झाडं व्हती ती.” तेव्हा ते थांबले. मामा नीमा रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालून त्यांच्याशी बोलतात हे सांगितलं तर म्हणाले, “असलं काय बी. झाडाला काय कान असतेत?”

लोक विचारतात, तिकडून काय आणलं. काय आणणार? कॉफी आणली, लवंग आणली. कुणी जाणार असाल तर जरूर जा, असं काम सगळीकडं आहे आणि माणसं तुम्हाला सांभाळून घेतात. चार नमस्कार तोंडपाठ करून जा. आणि काहीही शिकवायच्या आधी तिथली माती मुठीत घेऊन बघा. मी मात्र ते दिवस बागेत फिरताना मनानं तिकडंच होते. मोबाइल सारखा बघायचे. तिकडं मोठा पाऊस सुरू झाल्याचं नेटवर वाचलं आणि त्या रात्री जेवले नाही.

मग एका संध्याकाळी नीमाचा संदेश आला. आवाजाचा. मी ओसरीवर आबांच्या शेजारी बसूनच लावला. त्यात कुणी बोलतच नव्हतं. नुसती घूं घूं. मला वाटलं रेकॉर्ड नीट झालं नाही. पुन्हा लावला.

आबांनी मान वाकडी करून कान फोनला लावला. “हे तू कधी रेकॉर्ड करून ठेवलं?” त्यांनी विचारलं. “आपल्या माशा तर कवाच गेल्या. बहार संपला.”

“कसल्या माशा, आबा?”

“मोसंबीच्या फुलावरच्या मधमाशा. हा आवाज मी वळखत न्हाई का? फूल पुरं उमललं की असाच आवाज येतो.”

मी सांगितलं, हे आपल्या बागेतलं नाही, तिकडचं आहे. मामा नीमांनी फोन झाडाला धरलाय. मग नीमाचा मजकूर वाचला. एक झाड गेलं. बाबा जुमांनी त्याच कोयत्यानं तेवढंच तोडलं आणि कसावा त्या जागेत लावला. बाकी सगळी पांढरी झाली आहेत. आई म्हणते, मामा प्रज्ञांना बोलून सांगू नको, त्यांना ऐकू दे.

आबांनी ते आणखी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “अन् ते लाडाचं झाड?”

“त्याला एकबी फूल न्हाई. लिहिलंय तिनं.”

“न्हाई यायचं,” आबा म्हणाले. “बराबर हाय.”

ते उठले, पायात चपला घातल्या. पाणी पिऊन तांब्यात थोडं उरलं होतं. ओसरीच्या पायऱ्या उतरून ते आईच्या मोसंबीपाशी गेले आणि ते पाणी बुंध्याशी हळूहळू ओतलं. तिथंच उभे राहिले. ओठ हलत होते का, ते मला अंधारात नीट दिसलं नाही.

परत आले तेव्हा मी त्यांच्याकडंच बघत होते.

“काय बघून राह्यली?” आबा म्हणाले. “उरलं व्हतं पाणी.”